रेखांश मोजून शिकवा, सुरुवात २० जानेवारीला करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतला रेखावृत्तांवरचा लेख वाचला. लेख नेटका होता, आकृत्याही चांगल्या होत्या. पण ग्रिनिच, जहाजांवरची घड्याळे, १८८४ ची वॉशिंग्टन परिषद आणि शून्य रेखावृत्त एवढ्यातच रेखांशाचा इतिहास आटोपला. दुसऱ्या दिवशी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याला उत्तर आले की शून्य रेखावृत्त मुळात उज्जैनचे, इंग्रजांनी ते पळवले. मग दिवसभर हमरीतुमरी चालली. शून्य कुणाचे यावर सगळे तावातावाने बोलले. आपले गाव त्या शून्यापासून किती अंशांवर आहे हे मोजायचे कसे, ते कुणीच विचारले नाही. मी हिंगणघाटात भूगोल शिकवून निवृत्त झाले. माझ्या मते मुलांना शिकवण्याजोगी गोष्ट ती मोजणी आहे.

शून्य कुठे धरायचे हा शेवटी आपसांत ठरवण्याचा विषय. १८८४ च्या ऑक्टोबरात २५ देशांचे प्रतिनिधी जमले, २२ देशांनी ग्रिनिचच्या बाजूने मत दिले, एकाने विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. तेव्हा जगातली बहुतेक व्यापारी जहाजे ग्रिनिचवर बेतलेले नकाशे वापरतच होती. फ्रान्सने त्यानंतरही १९११ पर्यंत पॅरिसची वेळ सोडली नाही. त्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या ज्योतिर्गणितात लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा शून्य मानली जात होती. याचा मला अभिमान आहे. पण त्या रेषेपेक्षाही सूर्यसिद्धान्त या ज्योतिर्गणिताच्या प्राचीन ग्रंथाने सांगितलेली देशांतर, म्हणजे मध्यरेषेपासूनचा रेखांशातला फरक, काढण्याची रीत मला मोठी वाटते.

रीत अशी. चंद्रग्रहण सगळ्या ठिकाणांहून एकाच क्षणी दिसते. मध्यरेषेसाठी ग्रहणाची वेळ गणिताने काढायची आणि आपल्या गावी, गावच्या वेळेने, ते प्रत्यक्ष कधी दिसले ते पाहायचे. गणितापेक्षा उशिरा दिसले तर गाव पूर्वेला, लवकर दिसले तर पश्चिमेला. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. हिंगणघाट उज्जैनच्या पूर्वेला तीन अंशांहून थोडे जास्त आहे, म्हणजे बारा मिनिटे, जुन्या हिशेबाने अर्धी घटका. घड्याळ नसलेल्या काळात केवळ आकाशाकडे पाहून हे सांगता येते असे कुणाला तरी सुचले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

अडचण होती ती वेळ पकडण्याची. पृथ्वीच्या छायेची कड धूसर असते. ग्रहणाचा स्पर्श, म्हणजे सुरुवात, नेमका कधी झाला यावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांचे एकमत होत नाही. आणि एका मिनिटाची चूक झाली की आमच्या अक्षांशावर गाव २६ किलोमीटर सरकते. उज्जैन आणि कुरुक्षेत्र एकाच रेषेवर मानले गेले, पण कुरुक्षेत्र प्रत्यक्षात एक अंशाहून थोडे जास्त पूर्वेला आहे. ग्रहणाच्या वेधातून हा चार मिनिटांचा फरक हाती लागणे फार कठीण होते. त्यात गणित्यांना कमीपणा नाही.

यापेक्षा सूक्ष्म घटना हवी होती. ती गॅलिलिओने दाखवून दिलेल्या गुरूच्या चंद्रांमध्ये मिळाली. सर्वांत आतला त्यांपैकी आयो, तो सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि दर फेरीत गुरूच्या छायेत शिरतो. ते ग्रहण दुर्बिणीतून बऱ्यापैकी नेमके टिपता येते. जमिनीवर ही रीत उत्तम चालली. हलत्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहत नाही, म्हणून १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशापर्यंत अचूक उपायाला २०,००० पौंडांचे बक्षीस लावले, आणि सुतारकाम शिकलेल्या जॉन हॅरिसनने आयुष्यभर जहाजावरही अचूक चालतील अशी घड्याळे घडवून तो प्रश्न सोडवला. ही कथा पुरवणीत सविस्तर आली आहे, म्हणून ती इथेच सोडते. आपल्याकडची कथा मात्र पुरवणीत नव्हती.

मद्रासच्या वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅम यांनी गुरूच्या चंद्रांच्या ग्रहणांवरून मद्रासचा रेखांश काढला. पुढे हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाचे सगळे रेखांश मद्रासच्या आकड्यावर उभे राहिले. तारायंत्र आल्यावर दोन ठिकाणच्या घड्याळांची वेळ थेट ताडून पाहता येऊ लागली, तेव्हा लक्षात आले की धरलेला आकडा सुमारे अडीच कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जास्त आहे. वेळेच्या हिशेबात ही चूक जेमतेम दहा सेकंदांची. पण तेवढ्याने देशाचा अख्खा नकाशा चार किलोमीटरहून जास्त पूर्वेला सरकलेला होता. वर्गात हे सांगितले की मुले हातातल्या घड्याळाकडे बघत दहा सेकंद मोजायची.

या मद्रासपासूनच १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची साखळी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, माणसांच्या बळावर टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवायचा, एक बाजू साखळीने मोजायची, बाकी सगळे कोनांवरून काढायचे. मद्रास ते मंगळूर हे अंतर आधीच्या नकाशांत ४०० मैलांच्या आसपास होते, ते त्यांच्या मोजणीत ३६० मैल भरले. म्हणजे द्वीपकल्प ४० मैलांनी अरुंद निघाले. ही मोजणी कंपनी सरकारची होती आणि सारावसुलीला, लष्कराला तिचा उपयोग झाला, हे मी वर्गात कधी लपवले नाही. पण हे अवजड यंत्र वाहणाऱ्या, रानातल्या तापाने मेलेल्या खलाशांविषयीही, म्हणजे सर्वेक्षणाच्या मजुरांविषयीही, बोलायला हवे. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. नकाशावरच्या रेषांना काल्पनिक म्हणून आपण पुढे जातो, तेव्हा मला ही माणसे आठवतात आणि वाईट वाटते.

लॅम्ब्टन यांनी दोन दशकांहून अधिक काळ हेच काम केले. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा मृत्यू झाला, तो आमच्या हिंगणघाटात. त्यांची कबर इथेच आहे. महाराष्ट्राच्या भूगोलाच्या तासाला ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे.

माझी सूचना त्या तारखेशी जोडलेली आहे. मी मुलांकडून मैदानात रेखांश मोजून घेत असे. दोन फुटांची सरळ काठी ओळंबा लावून उभी करायची, तिच्याभोवती अडीच फूट त्रिज्येचे वर्तुळ आखायचे. हा आपल्या जुन्या शंकूचाच, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीचाच, प्रयोग. थेट सर्वांत आखूड सावली शोधायला गेलात तर फसाल, कारण मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी बदलतच नाही. “मॅडम, सावली तं सरकूनच नाही रायली,” असे एक मुलगा वैतागून म्हणाला होता. म्हणून सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते ती वेळ आणि दुपारी ते बाहेर पडते ती वेळ घ्यायची. दोन्हींचा मध्य म्हणजे गावची खरी मध्यान्ह. वेळ पूर्वी आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावायचो, आता मोबाइल आहे.

समजा, २० जानेवारीला टोक १० वाजून १७ मिनिटांनी आत आले आणि २ वाजून ३४ मिनिटांनी बाहेर गेले. मध्य १२ वाजून साडेपंचवीस मिनिटे. त्या दिवशी सूर्य घड्याळाच्या सुमारे ११ मिनिटे मागे असतो, ती वजा केली की उरतात १२ वाजून साडेचौदा मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची; आपली मध्यान्ह तिथल्यापेक्षा उशिरा, म्हणजे आपण त्याच्या पश्चिमेला. साडेचौदा मिनिटे म्हणजे ३ अंश ३७ कला, ते वजा केले की ७८ अंश ५३ कला. हिंगणघाटचा रेखांश सुमारे ७८ अंश ५० कला आहे. काठी आणि सुतळीवर एवढे जवळ येता येते! काठीच्या सावलीचे टोक पुसट असते, त्यामुळे अर्ध्या मिनिटाची चूक सहज होते, म्हणजे १३ किलोमीटर. पण ग्रहणाची कड धूसर असल्याने काय अडत असेल, हे तेव्हा मुलांना न सांगता कळते.

येत्या २० जानेवारीला राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका शाळेने हा प्रयोग करावा. जानेवारीत आकाश बहुधा निरभ्र असते. मुंबई हिंगणघाटच्या जवळपास बरोबर सहा अंश पश्चिमेला आहे, म्हणजे तिथली मध्यान्ह २४ मिनिटे, पूर्ण एक घटका, उशिरा होईल. रत्नागिरीची सुमारे २२ मिनिटे उशिरा आणि गडचिरोलीची चार-पाच मिनिटे आधी. शाळांनी एकमेकींना फोन करून वेळा ताडून पाहाव्यात. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांनी मोजणी झाल्यावर मुलांना लॅम्ब्टन यांच्या कबरीपाशीही न्यावे.

आपल्या पुरवणीला एकच विनंती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हा प्रयोग आकृतीसह छापावा, सूर्य घड्याळाच्या किती मागे-पुढे असतो त्याचे त्या महिन्याचे कोष्टक सोबत द्यावे, आणि शाळांकडून आलेले आकडे नंतर जसेच्या तसे, चुकांसकट प्रसिद्ध करावेत. कोष्टक आणि आकृती तयार करून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
हिंगणघाट, जि. वर्धा