मंत्रिमहोदय, गॅसखोलीची किल्ली द्या

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

मागच्या हिवाळी अधिवेशनासाठी तुम्ही बेळगावला आला होता, तेव्हा आमच्या कॉलेजात पाऊण तास थांबलात. पोरींनी बनवलेला, वरून येणारे सूक्ष्म कण टिपणारा काचेचा डिटेक्टर हातात घेऊन पाहिलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "याला स्वतंत्र गॅसखोली देतो." टाळ्या मीही वाजवल्या. परवा मंगळवारी त्याच खोलीत समारंभाच्या प्लास्टिक खुर्च्या रचल्या. उचलाउचलीत आमच्या चार काचांपैकी तीन फुटल्या. त्याच दिवशी माझा विनंती अर्जही परत आला. शेरा एकच: कन्नडमध्ये लिहून द्या.

त्या काचा म्हणजे काय होत्या, ते सांगते. 3 मिलिमीटर जाडीच्या दोन काचा, मधे 2 मिलिमीटरची फट. फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून बारीक बटणं चिकटवायची, बाहेरून ग्रॅफाइटचा रंग मारायचा. थर कुठे जाड झाला की पुसून पुन्हा पहिल्यापासून. मग फटीत वायू सोडून दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब द्यायचा. खानापूरच्या पावसात हवा इतकी दमट, की गळतीचा करंट चढतच जायचा. घरचा हेअर ड्रायर नेऊन आम्ही कडा सुकवत बसायचो. जुलैतल्या एका संध्याकाळी उसन्या ऑसिलोस्कोपवर पहिली टोकदार रेघ उठली. वरून आलेला म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण त्याहून जड कण. खोलीत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही.

यासाठी निवृत्तीच्या पैशांतले सव्वादोन लाख मी घातले. गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. मुलगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

"पोरींचा प्रोजेक्ट" असं कुणी म्हणालं की माझा संताप होतो. 2012 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत याच जातीच्या डिटेक्टरांचे 48 थर पोलादी प्लेटांमध्ये बसवून तपासले गेले. एकेक सेंटिमीटरचे चार लाखांहून जास्त चौकोन! कण पोलादावर आदळतो, त्यातून कणांचा वर्षाव होतो, आणि किती चौकोन पेटले त्यावरून ऊर्जा काढायची. हाच वायूवरचा कॅलरीमीटर, म्हणजे कणाची ऊर्जा मोजणारं यंत्र. तिथे 91 किलोमीटर घेराच्या पुढच्या कोलायडरचा, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा आराखडा तयार आहे, आणि तसल्या यंत्रांसाठी हा एक पर्याय आहे. प्लेटा कापायला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले कारागीर कमी पडतील का?

गॅसखोली मी हौसेसाठी मागितली नव्हती. फटीत सोडायच्या वायूंच्या मिश्रणातला आयसोब्युटेन पेट घेतो, तो वर्गात ठेवता येत नाही. मुख्य वायू आर-134ए, तोच जो गाडीच्या एसीत असतो. त्याचा एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने 1430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकते. युरोपात असले वायू टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. त्याच्या जागी कोणता वायू चालेल, यावर जगभर काम सुरू आहे. छोट्या प्रयोगशाळेला शिरायला जागा आहे ती इथेच.

हे परदेशी खूळ वाटत असेल तर कोलार आठवा. तुमच्याच राज्यात, सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल, लोखंडी प्लेटा आणि वायूच्या नळ्या यांचा 140 टनांचा डिटेक्टर चालला. 1965 साली त्याच खाणींत वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे जवळपास कशालाच न अडणारे कण, सापडले होते. तो वारसा कुणी सांभाळला? तमिळनाडूतल्या न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्राने जानेवारी 2015 मध्ये मंजुरी दिली, डोंगर अजून तसाच आहे. दिल्ली असो, बंगळूर असो, मंजुरी आणि टाळ्या मिळतात, खोली मिळत नाही.

आणि भाषेचं. राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने कुठल्याही नागरिकाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी वापरली जात नाही, असं तुम्ही म्हणाल का? सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर म्युऑनसुद्धा कन्नडमध्येच मोजायचे का? माझ्या वर्गात कन्नड पोरी होत्या, उर्दू बोलणाऱ्याही होत्या. करंट चढला की सगळ्या एकदमच धावायच्या.

उरलेली एक काच गोणपाटात गुंडाळून माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. खुर्च्या कधी हलणार आणि किल्ली कुणाकडून घ्यायची, एवढं लेखी कळवा. कन्नडमध्ये कळवलंत तरी मी वाचून घेईन.

आपली,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव