सूचना : पॉइंट टू-टू रायफल घेण्याआधी रविवारी या

सर्व सभासदांना नमस्कार. स्वतःची .२२ (पॉइंट टू-टू, म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या नळीची रायफल) घ्यायची म्हणणारे वाढलेत, म्हणून येत्या रविवारी सकाळी ७ वाजता आपल्या ५० मीटर रेंजवर जुने नेमबाज आपापल्या रायफली दाखवतील. नागपूरचं ऊन ठाऊक आहेच, ९ ला आवरतं घेऊ.

- आधी परवाना, मग पसंती. शस्त्र परवान्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका. रायफल आणणाऱ्यांनी मूळ परवाना सोबत ठेवावा.
- बोल्ट ॲक्शन (दर बारानंतर हाताने खिटी मागे-पुढे करायची रायफल) साधी, टिकाऊ आणि खिशाला परवडणारी. महागड्या दुर्बिणीपेक्षा चांगली नळी आणि हलका, एकसारखा ट्रिगर यावर पैसे घाला. सेकंडहँड असेल तर नळीचं तोंड नीट बघा, तिथे ठेच लागली असेल तर नेम गेलाच.
- प्रत्येक .२२ ची काडतुसांची आवड वेगळी. शेजाऱ्याच्या रायफलीत एका छिद्रात जाणारी गोळी तुमच्यात विखुरते. तीन-चार प्रकार घेऊन प्रत्येकाचे पाच-पाच बार टेकूवरून मारा, मगच रायफलीला नावं ठेवा. ५० मीटरला दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, तिथे हा फरक लगेच दिसतो.
- .२२ रिमफायर असते, म्हणजे तिची पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असताना ट्रिगर खटखट दाबू नका, बऱ्याच रायफलींत चेंबरची कड दबते.

शिकारीचं विचारणाऱ्यांना एकदाच सांगतो : १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे. पेंच, ताडोबाला कॅमेरा घेऊन जा.

रेंजवर बोल्ट उघडा, नळी टार्गेटकडे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावं.

– सचिव