"आधी लेबलचा फोटो पाठवा" म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. तरी पत्र उघड लिहितोय, कारण फोनवर नुसतं "थँक्यू हं" म्हणून भागलं असं काही वाटत नाहीये. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही जे विचारलंत ते जुना, घरी जोडलेला पीसी असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल.

मशीन तुम्हाला तोंडपाठ आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. आय५-४५९० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक आणि २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड. सगळं २०१४ च्या सुमाराचं. प्रश्न एका ओळीचा होता, गेमसाठी नवं ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?

तुमच्याआधी तिघांना विचारून झालं होतं. एक म्हणाला, आरएक्स ६५०० एक्सटी घे, नवीन आहे, वीजही कमी खातं. दुसरा म्हणाला, आरएक्स ५८०, ८ जीबी, डोळे झाकून. तिसऱ्याने मशीनचं वर्ष ऐकलं आणि "मढ्याला मुंडावळ्या कशाला बांधतोस" म्हणून हसला. तिघेही जाणकार म्हणवतात. डब्यात एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कोणता आहे हे मात्र एकानेही विचारलं नाही.

तुम्ही कार्डाचं नावच काढलं नाहीत. तीन गोष्टी मागितल्यात: एसएमपीएसच्या लेबलचा फोटो, बोर्डावर छापलेलं मॉडेलचं नाव, आणि कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर, टेपने मोजून. "कार्डाचं मग बघू."

पहिला फोटो वाया गेला. चकचकीत स्टिकरवर फ्लॅशचा नुसता पांढरा डाग आला होता. दुसरा कुणी असता तर "असेल ४५० वॉटचा, चालेल" म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही लिहिलंत, "फ्लॅश बंद करा, टॉर्च बाजूने तिरकी धरा, घाई नाही." मग तो दुसरा फोटो पाच मिनिटांत तुमच्याकडून परत आला. वर ठळक अक्षरांत छापलेले ४५० वॉट तसेच सोडलेले, आणि खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या एका ओळीभोवती बोटाने काढलेलं वाकडंतिकडं लाल वर्तुळ: +१२ व्होल्ट, १७ अँपिअर. त्याखाली तुम्ही लिहिलं होतंत, "१२ × १७ = २०४. तुमचा खरा एसएमपीएस एवढा आहे. आज रात्री काही ऑर्डर करू नका."

ताई, हे पत्र त्या लाल वर्तुळासाठी आहे. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

लेबलवरच्या ४५० मध्ये ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनीही धरलेल्या असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून ओढतात. आय५-४५९० चे ८४ वॉट आणि आरएक्स ५८० चे १८५ मिळूनच २६९ होतात, बोर्ड, डिस्क, पंखे अजून बाजूलाच आहेत. डोळे झाकून घेतलं असतं तर गेम सुरू झाल्यावर दहा मिनिटांत मशीन बंद पडून आपोआप परत चालू झालं असतं. निळा स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही. अशा वेळी लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात, विंडोज नव्याने टाकतात, आणि दोष असतो एसएमपीएसच्या त्या पत्र्याच्या डब्यात. स्वस्त एसएमपीएसमध्ये संरक्षण धड नसेल तर तो एकटा मरत नाही, बोर्डालाही सोबत नेतो.

त्या दुसऱ्या महाशयांनी "पॉवरची पिन नसेल तर साटाचा कन्व्हर्टर मिळतो" असंही वर सुचवलं होतं, म्हणजे डिस्कच्या प्लगमधून कार्डाला वीज द्यायची. त्यावरचं तुमचं उत्तर जसंच्या तसं देतो: साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट. सहा पिनांचं कनेक्टर ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. उरलेल्याचं काय होतं ते वितळलेलं प्लास्टिक सांगतं.

मग बोर्ड. इथे तर मीही चाट पडलो. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला माहितीचा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, त्यातल्या मार्गिका म्हणजे लेन. प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणून कार्डाचा स्लॉटही ३.० चा असणार असं धरून चाललो होतो. बी८५ किंवा झेड९७ चिपसेट असता तर ते खरंही होतं. एच८१ मात्र तो स्लॉट २.० वरच अडकवून ठेवतो. २.० मध्ये एका लेनमधून सेकंदाला साधारण अर्धा जीबी जातो. सोळा लेन असल्या तर ८ जीबी, आठ असल्या तर ४. आणि आरएक्स ६५०० एक्सटीला लेन फक्त चार! म्हणजे २ जीबी. वर त्याची स्वतःची मेमरी ४ जीबी. ती भरली की टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवरची चित्रं, रॅममधून त्या बोळातून आणायची, आणि मग पात्र वळलं की चित्र अडकतं. शिवाय त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंगचा व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग, नाही, त्यामुळे स्क्रीन रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरच्या आधीच थकलेल्या चार कोअरवर. "नवीन आहे" या एका शब्दावर ते गळ्यात पडलं असतं.

"मग आरएक्स ६६०० का नको?" हे मी हट्टाने विचारलं. तुम्ही त्या कार्डाला वाईट म्हणाला नाहीत. म्हणालात, उत्तम कार्ड आहे, ८ जीबी मेमरी असल्याने अडखळणंही कमी, पण त्याला आठच लेन आहेत, ते पुढे बोर्ड बदलाल तेव्हा घ्या. इंटेलचं आर्क कार्ड रीसायझेबल बारशिवाय, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीशिवाय, खूप मागे पडतं आणि या बोर्डात ती सोय नाही, म्हणून तेही बाद. पॉवर पिनशिवाय चालणारं ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी? त्याला परत आठ लेन. शिवाय ८४ आणि ७० मिळून १५४, बाकीच्या सामानाचे चाळीसेक धरले की १९४, आणि दहा वर्षं चाललेल्या एसएमपीएसकडून २०४ पैकी १९४ मागायचे नाहीत.

राहिलं जीटीएक्स १६६० सुपर. सोळा लेन, ६ जीबी जीडीडीआर६ मेमरी, १२५ वॉट, आठ पिनांचं एक कनेक्टर, एन्कोडर चांगला. आणि ड्रायव्हरचा मुद्दा, जो इतर कुणाच्या गावीही नव्हता: एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांचे नेहमीचे ड्रायव्हर २०२५ मध्ये थांबवले. माझं ७५० टीआय मॅक्सवेल, आणि जुन्या बाजारात सगळे ज्याच्या मागे धावतात ते जीटीएक्स १०६० पास्कल. १६६० सुपर त्यांच्या पुढच्या ट्युरिंग पिढीचं.

पण १२५ आणि ८४ म्हणजे २०९. तुम्ही निवडलेलं कार्डसुद्धा त्या जुन्या डब्यावर बसत नव्हतं, आणि ते तुम्ही स्वतःहून सांगितलंत. आधी एसएमपीएस: ५५० वॉटचा, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे एकट्या त्या लाइनीवर ५४० वॉट. सहा अधिक दोन पिनांची केबल त्याचीच. दुसऱ्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसची केबल उरलीय म्हणून लावायची नाही, कारण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि चुकीची केबल बसतेसुद्धा. प्रोसेसरची चार अधिक चार पिनांची केबल दिसायला तशीच, तीही कार्डात कोंबायची नाही.

जुनं कार्ड बघून घेण्याबद्दल तुम्ही सांगितलेली खूण सोन्याची आहे. साधं १६६० आणि १६६० सुपर दोन्हींत कोअर १४०८ आणि मेमरी बस १९२ बिट, म्हणजे त्यावरून फसवणूक कळणारच नाही. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर उघडून मेमरीचा प्रकार बघायचा: जीडीडीआर५ दिसलं तर ते साधं, वरचा स्टिकर काहीही म्हणो. मग अर्धा तास पूर्ण लोडवर, कान पंख्याकडे आणि डोळे स्क्रीनवर. ठिपके, चौकोन, पट्टे दिसले तर मेमरी गेली. विकणारा नुसता डेस्कटॉप दाखवून "चालतंय ना" म्हणाला तर चहा न घेता उठायचं, हे वाक्य तुमचंच.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, जुनं कार्ड लावलेलं असतानाच अपडेट करा, नव्या कार्डावर काळा स्क्रीन आला तर मग करणार कशावर, हे पटलं. पुठ्ठ्याचा कार्डाएवढा तुकडा कापून आधी तो बसवून बघायला लावलात तेव्हा हसू आलं होतं. बोर्डावर उभे असलेले साटाचे दोन प्लग नेमके त्या पुठ्ठ्याखाली आले तेव्हा गेलं. काटकोनात वळलेल्या केबलने ते सुटलं.

आणि तुम्ही स्वप्नं विकली नाहीत. खरेदीआधी जुन्याच कार्डावर गेमचं रिझोल्यूशन ७२० वर आणून बघायला सांगितलंत. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, वाढल्या तर अडचण कार्डाची, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची, आणि तिथे कितीही भारी कार्ड घातलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या एका आवडत्या गेममध्ये फ्रेम जागच्या हलल्या नाहीत. "तो गेम असाच राहील," असं तुम्ही सरळ सांगितलंत. एवढं कडू सत्य इतक्या गोड आवाजात फार थोड्यांना सांगता येतं.

माहिती असलेली माणसं पुष्कळ भेटतात. ती बहुतेक समोरच्याचा प्रश्न अर्धा ऐकतात आणि स्वतःला पाठ असलेलं उत्तर देऊन टाकतात. चुकलं तर पैसे आपले जातात, त्यांचा रुबाब शाबूत राहतो. अनोळखी माणसाच्या धुळकट डब्याचा फोटो मोठा करून त्यातली बारीक ओळ वाचायला ज्ञानापेक्षा आस्था लागते. ती तुमच्याकडे आहे, आणि मशीनच्या वयावरून माणसाची किंमत करायची सवय तुम्हाला नाही. त्या हसणाऱ्या मित्राला हे पत्र मुद्दाम पाठवतोय. मढं सध्या मुंडावळ्या बांधून हिंडतंय म्हणावं.

मनापासून आभार.

तुमचा,
लाल वर्तुळवाला

ता. क. तुम्ही विचारलं होतंत ते बघितलं. नुसतं बसल्या बसल्या जीपीयू-झेड "एक्स१६ १.१" (सोळा लेन, पण पीसीआय एक्सप्रेस १.१) दाखवत होतं, क्षणभर पोटात गोळा आला. मग शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट लावली, तर "एक्स१६ २.०". तुम्ही म्हणाला होतात तसंच. रॅमची दुसरी ८ जीबीची स्टिकही बसवली. बोर्डाला दोनच स्लॉट, दोन्ही भरले, ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) चालू झालं आणि फ्रेम मध्येच कोसळायच्या ते बरंच कमी झालं. तो आवडता गेम मात्र अजून तिथेच आहे.