युक्कावाल्या काकांना उघड पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

युक्का या फुलझाडाच्या फुलात पांढरे पतंग दिसताच फवारणीचा पंप काढायला निघालेल्या आम्हा अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या मराठी बागवाल्यांना तुम्ही वेळीच अडवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

पंख पसरून जेमतेम इंचभर भरणारी ही पतंगाची जात म्हणजे तेगेटिक्युला युक्कासेला. तिच्या मादीच्या तोंडाशी सोंडेसारखे दोन वळणारे अवयव असतात. त्यांनी ती पुंकेसरांवरचा चिकट पराग खरवडते आणि गोळा करून मानेखाली धरते. मग बहुधा दुसऱ्या झाडाच्या फुलात जाऊन बीजांडकोशात (जिथे बी धरतं) अंडी घालते, वर चढते आणि कुक्षीच्या (पराग स्वीकारणाऱ्या टोकाच्या) खळग्यात पराग ठासते. ही मेहनत मधासाठी नाही. बी धरलं तरच अळ्यांना खायला मिळणार! सेंट लुईसमध्येच 1872 साली वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमन यांच्या निरीक्षणामुळे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली या पतंगाच्या अभ्यासामागे लागले, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पुण्यातल्या नातलगांची तक्रारही त्यातच सुटली. युक्का फुलतो, बोंड (बियांचं फळ) मात्र धरत नाही; कारण तिकडे हा पतंगच नाही. तुम्ही सांगितलेली हातपरागणाची रीत अशी: संध्याकाळी नुकतंच उमललेलं फूल निवडायचं, दुसऱ्या झाडाचा पराग टूथपिकच्या टोकावर घ्यायचा आणि कुक्षीच्या तीन पाकळ्यांमधल्या भोकात आत ढकलायचा. रंगाचा ब्रश वरवर फिरवला की काम फसतं, कारण पराग रुजतो तो भाग आत असतो.

फुलं ढिगाने गळतात तो रोग नव्हे. एवढ्या फुलांची बोंडं पोसणं झाडाला झेपत नाही, आणि ज्यात अंडी फार झाली ती फुलं तर ते आधी टाकतं. म्हणजे लोभी पतंगाची पिल्लंही फुलाबरोबर गेली. काय हिशेबी झाड!

बोंडाला बारीक भोक दिसलं की अळी बाहेर पडून मातीत गेली असं समजायचं. कोष तिथेच असतो, म्हणून बुंध्याभोवती खणणं बंद केलंय. वाळक्या दांड्यातल्या अळ्या मात्र प्रोडॉक्सस या चुलत भावंडांच्या. ते पतंग परागण करत नाहीत, पण त्यांच्या अळ्या बियांनाही हात लावत नाहीत. तेव्हा दांडेही थंडीभर तसेच उभे ठेवतो आहोत.

आपले,
मिझुरीतले बागवाले