या पत्रात जेवणाचं विचारणार नाही

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तो रागाने नाही, कंटाळून, हे कळलं मला. ‘अण्णा, जेवलीस का, याशिवाय तुम्हाला दुसरं काही विचारता येतं का?’ म्हणालीस. खरं आहे. म्हणून या पत्रात ते विचारायचं नाही असं ठरवून बसलोय. नुसते पत्ते लिहितो. टॉवेल-चादरींची सॅम्पलं घेऊन सोळा वर्षं मंगळदास मार्केटच्या पायऱ्या झिजवल्या, तेवढी मुंबई मला येते.

माटुंग्याला खोली मिळाली हे तुझं नशीबच. स्टेशनबाहेर पूर्वेलाच रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ चं. जिना चढून वर जायचं. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, पोट भरेपर्यंत, आणि खिसाही फार हलका होत नाही. राम आश्रय जवळच, पहाटे उघडतं. तिथला अननसाचा शिरा खा. किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास, नाचणीचा डोसा. रविवारी रांग असते, पण एकट्या माणसाला कुणाच्या तरी टेबलावर लवकर जागा देतात. एकटीने बसायला लाजू नकोस. एकटं बसवत नाही म्हणून रात्री बिस्किटाच्या पुड्यावर भागवायचं, हे काय... बघ, आलोच मी तिथे.

आता आलोच आहे तर बोलतो. लोकलमध्ये चक्कर आली, परळला बायकांनी उतरवून बाकड्यावर बसवलं, हे आम्हाला तुझ्या रूममेटकडून कळायचं का? तू म्हणालीस ऊन होतं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८ आलंय, बाईमाणसाला १२ तरी हवं. उन्हाने हिमोग्लोबिन उतरत नाही ग. सोलापूरचं ऊन खाऊन वाढलीस तू.

राहू दे. दादरला उतरलीस तर पश्चिमेला स्टेशनसमोर मामा काणे, बटाटेवडा. शिवाजी पार्काच्या अंगाला ‘प्रकाश’मध्ये साबुदाणावडा आणि पियूष. ‘आस्वाद’ची मिसळ चांगली, पण आपल्याकडच्या तिखटाची अपेक्षा ठेवू नकोस. मासे खायला लागलीस हे मला माहीत आहे, आजीला नाही. प्लाझा सिनेमाच्या बाजूला ‘सिंधुदुर्ग’मध्ये जा आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नकोस. ऑफिसजवळ बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, इराण्याचं, १९२३ चं. बेरी पुलाव महाग आहे आणि फक्त दुपारी मिळतो. पगाराच्या दिवशी मैत्रिणींना घेऊन जा.

काळबादेवीचं ठाकर भोजनालय मात्र मी विसरणार नाही. एका व्यापाऱ्याने नेलं होतं. ऑर्डर मोठी मिळाली होती, खुशीत होता. फुलका संपायच्या आत दुसरा पडायचा, वर तूप. मी ताटावर हात आडवा धरला तर वाढणाऱ्याने माझं मनगट हळूच बाजूला सारलं आणि बोटांच्या फटीतून फुलका टाकला. आपली आई टाकते तसा. मला एकदम घराची आठवण आली, नि पाणी पिण्याचं निमित्त करून मान खाली घातली. तुला तिथे असं कुणी वाढत नाही, एवढंच मला खुपतं. पैशांचं नाही.

पैशांचंही आहे. आजवर तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. मला जेवणाचा भत्ता मिळायचा. तो मी खात नव्हतो. बोरीबंदरसमोर ‘आराम’चा एक वडापाव, फार तर पंचमची पुरीभाजी, की रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसपर्यंत चहावर. भत्ता तसाच घरी यायचा. तुझी लाल सायकल त्यातली. तू चौथीत असताना अण्णा आठ दिवस गावाला गेलेत म्हणून सांगितलं होतं ना, तेव्हा मी दवाखान्यात होतो, अल्सर झाला होता. सायकलचं ऐकून वाईट वाटून घेऊ नकोस, चांगली सायकल होती ती. पण तू दर महिन्याला जे ५,००० पाठवतेस ते बँकेच्या मेसेजमध्ये दिसले की मला तो भत्ताच आठवतो. माझी खोड तुझ्यात उतरली असेल तर ती वाईट खोड उतरली.

लेक्चर झालं, माफ कर. साखर पेठेत भेटेल त्याला तुझं ऑफिस बोटीच्या धक्क्याजवळ आहे असं मीच सांगत फिरतो, आणि घरी आलो की आईशी तुझ्या हिमोग्लोबिनवरून भांडतो. या महिन्याचे पाठवू नकोस. लूम बंद पडलेला नाही, आमचं भागतं.

शुक्रवारच्या सिद्धेश्वरने भाऊकाका येतायत. सकाळी दादरला उतरतील, फोन करतील. शेंगाचटणी आईने उखळात कुटलीय, मिक्सरची नाही. गूळ-शेंगदाण्याचे लाडू आहेत, रोज एक खायचा. डब्यावर आजीचं नाव कोरलंय, तो परत हवाय म्हणून तिने दोनदा बजावलंय. कडक भाकरी वेगळ्या बांधल्यात, त्यांच्यावर लॅपटॉपची बॅग ठेवू नकोस. मागच्या वेळी चुरा झाला होता.

तुझे
अण्णा