दिल्लीच्या दवाखान्यात रुजू होताना

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामानं काल पुन्हा विषय काढला, माळकऱ्याच्या घरातली पोर निर्वासितांच्या दवाखान्यात, ख्रिस्ती मिशनच्या लोकांत कशाला म्हणून. मी त्याला आपल्या आजोबांची आठवण करून दिली. त्यांचा मोतीबिंदू मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातच काढला होता, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या. पंढरपूरहून बार्शी लाईट रेल्वेच्या गाडीनं गेले, नजर घेऊन आले, आणि गळ्यातली माळ होती तशीच राहिली. मामा मग गप्प बसला.

दिल्लीत तुझ्याकडे अफगाण येतील, म्यानमारचे चिन जमातीचे लोक येतील. आपल्या देशानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीनं दिलेलं कार्ड हाच बऱ्याच जणांचा आधार. असा माणूस दवाखान्याच्या पायरीवरच बिचकतो. नाव लिहून घेतील, कुणाला तरी कळवतील, ही धास्ती. त्याला आधी बसायला सांग, पाणी दे. कागद मागाहून बघता येतात.

एक गोष्ट मात्र मनावर घे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या बाईंना मी दवाखान्यात घेऊन गेले होते. त्यांना फक्त तेलुगू येतं. डॉक्टर मराठीत विचारत होते आणि मधे बाईंचा दहा वर्षांचा मुलगा सांगत होता. खोकला किती दिवस, ताप येतो का, इथवर ठीक चाललं. मग पाळीबद्दल विचारलं. पोराला शब्दच कळेना, आणि बाईंनी पदर तोंडाला लावून मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाहेर ओट्यावर शेजारणीला मात्र सगळं सांगितलं: अंगावरून जातं, कित्येक महिने झाले. पुढच्या खेपेला त्या शेजारणीला सोबत नेलं, तेव्हा कुठं खरा तपास झाला. टीबी निघाला. सहा महिन्यांचा कोर्स आता चालू आहे, मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवून गोळ्या घेतात.

तुझ्याकडेही हेच होणार. पोरं शाळेत जाऊन हिंदी लवकर शिकतात, म्हणून आयांच्या दुखण्याचं ओझं त्यांच्याच डोक्यावर येतं. युद्धातून निघालेल्या बाईवर काय काय गुदरलं असेल, ते पोटच्या पोरासमोर तिच्या तोंडून निघायचं नाही. दवाखान्यात दुभाषी बाई हवीच, आणि तिला पगार हवा. त्यासाठी साहेबांशी भांडावं लागलं तर भांड.

धर्माचं काय, असं तू विचारलंस. व्हिएतनाममधून होड्यांत बसून निघालेल्या लोकांची दैना पाहून जेझुइट या ख्रिस्ती संघाचे फादर आरुपे यांनी १९८० साली निर्वासितांसाठी काम उभं केलं. गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा हॉस्पिटलच्या रुग्णांना थारा देते. मला तरी ही एकाच वाटेवरची माणसं वाटतात. प्रार्थना करणाऱ्यांसोबत तू डोळे मिटून उभी राहा, त्यात काही जात नाही. पण औषधाच्या बदल्यात कुणाला प्रार्थनेला बसवताना दिसलं, तर तिथल्या तिथं बोल.

थंडीचे कपडे इथूनच घेऊन जा. शेंगाचटणी पाठवते, सगळ्यांना वाट. दुभाषी बाईंचं काय ठरतंय ते लगेच कळव.

तुझी,
आई