कवी टिळक आठवले, संपादक टिळक?

प्रति,
मा. संपादक

सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या स्मृतिदिनाला, ९ मे रोजी, आपण छापलेलं टिपण वाचलं. 'वनवासी फूल' आलं, 'केवढे हे क्रौर्य' आलं, बालकवींना टिळकांच्या घरात मिळालेली माया आली. वाचून बरं वाटलं. तरी एका उल्लेखासाठी मी ते टिपण पुन्हा वाचलं आणि तो काही सापडला नाही. १९१२ पासून १९१९ साली डोळे मिटेपर्यंत टिळक 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. पुढे त्यांचे चिरंजीव देवदत्त हेही 'ज्ञानोदय'चे संपादक झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर कीर्तन करत, लिहीत, सभांतून बोलत. हे घर कवीचं होतं तितकंच वर्तमानपत्राचं आणि उपदेशाचंही होतं. आपण स्वतः संपादक आहात, म्हणून हे आपल्याला लिहावंसं वाटलं.

कवीची कविता पाठ्यपुस्तकात जाते आणि टिकते. संपादकाचं तसं होत नाही. कोणाचा मजकूर परत पाठवला, कोणत्या लेखातल्या चार ओळी काढल्या, कोणत्या वाचकाने रागावून काय लिहिलं, हे छापील अंकात दिसत नाही. ते पत्रांत, कच्च्या मुद्रितांत, हिशेबाच्या चिठोऱ्यांत असतं. उपदेशकाचं तर त्याहून अवघड. कीर्तन संपलं की हवेत विरतं. उरलीच तर टिपणवही उरते.

अशी एक वही माझ्या घरात आहे. माझे आजोबा नेवासे तालुक्यात सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्माचे प्रचारक, होते. फार मोठं नाव नव्हे, पण सायकलीवर वाडीवाडीला जात. लहानपणी नगरला टिळकांचं कीर्तन ऐकल्याचं सांगायचे, आणि सांगताना हात जोडायचे. नगरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी तिला आपली वाणी दिली. आजोबांच्या वहीत बायबलमधल्या 'उधळ्या पुत्र' या विषयाचा पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, आहे, त्याखाली तुकोबांचा अभंग, त्याखाली टिळकांचं पद. समासात पेन्सिलीने लिहिलंय, "इथे थांबणे. बायांना विचारणे, असा मुलगा परत आला तर काय कराल?" आणि पान उलटलं की ज्वारी दोन पायली, रॉकेल, सायकलची ट्यूब. लग्नानंतरच्या पहिल्या दुष्काळात त्यांना कोणी किती धान्य दिलं, तेही त्याच वहीत आहे. त्यांचे दोन-तीन लेख मासिकांतून छापून आले होते, ते मी वाचलेत. त्यांत हा माणूस नाही. तो वहीत आहे.

वही एकटीच उरली. १९९१ साली माझ्या वडिलांनी आजोबांच्या पत्रांचे तीन गठ्ठे एका संस्थेच्या ग्रंथालयाला दिले. पोच मागायला त्यांना संकोच वाटला. आपल्याच माणसांकडून कसली पावती घ्यायची, असं म्हणाले. २००६ मध्ये मी पाहायला गेले तर नोंदवहीत काहीच नव्हतं. तिथल्या एका वयस्कर शिपाईकाकांना आठवलं, रंगकामाच्या वेळी 'जुनंपानं' बाहेर काढलं होतं. कुठे गेलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही पुढे विचारवलं नाही. घरी येऊन वडिलांना मी खोटं सांगितलं, की गठ्ठे नीट आहेत. ते गेले तेव्हाही त्यांचा तोच समज होता.

टिळकांच्या घरात काय घडलं, ते याच्या अगदी उलट आहे, म्हणून मला त्या घराचं अप्रूप. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई नातलगांकडे होत्या, आणि त्यांना स्वतःला ख्रिस्ती व्हायला पुढे पाच वर्षं लागली. त्या दुराव्याच्या काळातली माणसं, पत्रं, भांडणं हे सगळं आज आपल्यापर्यंत कसं आलं? लक्ष्मीबाईंनी लिहिलं म्हणून, आणि मुलाने व नातवाने जपलं म्हणून. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा लिखाण अपुरंच होतं. शेवट देवदत्तांनी पुरा केला. 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्रावरचं काव्यही तसंच. टिळकांनी काही अध्याय लिहून अर्धवट सोडलं, पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. आणि १९८९ मध्ये नातू अशोक टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची अभिनव आवृत्ती संपादित केली. एकाने सोडलेला कागद दुसऱ्याने उचलायचा, असं तीन पिढ्या चाललं. असा वारस किती घरांना मिळतो? माझ्या आजोबांना नाही मिळाला.

कोणी म्हणेल, हा ख्रिस्ती मंडळींचा घरगुती प्रश्न आहे. तसं मुळीच नाही. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये आमच्या नगरात निघाला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ मध्ये याच पत्रात दोन अंकांत छापून आला. ज्या कोणी त्या वर्षाच्या फायली वाळवीपासून राखल्या, त्यांच्यामुळे ती मुलगी आज आपल्याशी बोलते. त्या फायली रद्दीत गेल्या असत्या तर तिचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट मला अनेक वर्षं खुपते. नगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी अमेरिकेतल्या आपल्या मिशन बोर्डाला पाठवलेली पत्रं आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, अनुक्रम लावून, यादीसकट. त्यांनी जपली, त्यांचे आभारच. पण ज्या मराठी पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी), शिक्षकांनी, बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल-बायांनी इथे प्रत्यक्ष काम केलं, त्यांचे कागद माळ्यावरच्या ट्रंकेत, मंडळीच्या कपाटात, नाहीतर गोडाऊनच्या पायरीशी आहेत. उद्या कोणी या काळाचा इतिहास लिहायला बसलं तर साहेबांची बाजू जुळून येईल, आपली माणसं मात्र त्यांच्या अहवालातल्या एखाद्या ओळीपुरती उरतील.

म्हणून आपल्या पत्रातून माझी विनंती आहे. ज्या घरांत जुन्या 'ज्ञानोदय'चे अंक, पाळकांच्या रोजनिशा, कीर्तनाच्या वह्या, संपादकांची पत्रं असतील त्यांनी घर पाडताना किंवा फ्लॅटमध्ये जाताना त्यांची वासलात लावू नये. पत्र पाकिटातून काढून पाकीट टाकू नये, टपालाचा शिक्का पाकिटावर असतो. गठ्ठा ज्या क्रमाने बांधलेला सापडला तसाच ठेवावा. बांधणाऱ्याने तो काही विचाराने बांधलेला असतो. टाचण्या गंजतात, त्या हलक्या हाताने काढाव्यात. फाटल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. आणि कुठेही द्याल तर यादी करून, दोन प्रतींत, सहीशिक्क्यानिशी द्या. संकोच करू नका. माझ्या वडिलांनी केला.

संस्थांना एवढंच सांगणं आहे की जागा नसेल तर स्पष्ट नाही म्हणावं. नकार परवडतो, घेऊन हरवणं परवडत नाही. राज्य पुराभिलेख संचालनालयाने नगर, वडाळा, राहुरी, सोलापूर, सातारा इथल्या जुन्या मंडळ्यांत एकदा माणूस पाठवावा. त्याने कागद उचलून नेऊ नयेत, नुसती पाहणी करून काय कुठे आहे ते लिहून काढावं. आणि आपण, संपादक महोदय, पुढच्या ९ मे रोजी टिळकांवर छापाल तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या कामाचाही एक परिच्छेद द्यावा.

आजोबांच्या वहीची ११२ पानं आहेत. भाचीने मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढले आहेत, पण पेन्सिलीचे समास त्यांत उमटत नाहीत, ते मी हाताने उतरवून घेते आहे. सत्तर पानं झाली. पुरं झालं की मूळ वही जो पोच देईल त्याच्या हवाली करीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सावेडी, अहिल्यानगर